पिग्मीचं ॲप आणि व्याजाचा हिशेब

प्रश्न : आमच्या पतसंस्थेला नवं सॉफ्टवेअर करून घ्यायचंय. एक कंपनी म्हणते, सगळ्या गरजा आधी लेखी द्या, सह्या करा, ८ महिन्यांनी पूर्ण काम हातात देऊ. दुसरी ‘अजाईल’वाली. दर २ आठवड्यांनी थोडं थोडं चालू करून दाखवेल, पण एकूण खर्च आत्ता सांगत नाही. संचालकांना पहिली पसंत, तरुण क्लार्कना दुसरी. काय करावं?
– सचिव, एक पतसंस्था, जि. सांगली

उत्तर : सचिवसाहेब, संचालकांना पहिली का आवडली ते उघड आहे. आकडा ठरलेला! पण आधी सांगा, तुमच्याकडून दुसऱ्या कंपनीसोबत बसणार कोण? दर पंधरवड्याला येऊन ‘हे चालेल, हे नको’ असं जागच्या जागी सांगणारा, आणि ज्याचा शब्द मंडळ फिरवणार नाही, असा माणूस हवा. प्रत्येक गोष्ट मासिक सभेपर्यंत अडणार असेल तर अजाईलच्या वाटेला जाऊ नका. काम थांबेल, बिल थांबणार नाही.

माणूस आहे असं धरतो. मग कामाचे दोन भाग करा. व्याज आकारणी, ठेवींच्या मुदती, थकबाकीची वर्गवारी, जुन्या खात्यांच्या शिलका नव्यात आणणं, यांचे नियम ठरलेले आहेत. ते उदाहरणांसकट लिहून सही करून घ्या, आणि शिलका पैशापर्यंत जुळेतो जुनी यंत्रणा बंद करू नका. पिग्मी एजंटचं मोबाइल ॲप मात्र कागदावर ठरवायला जाऊ नका. भर बाजारात, एका हातात नोटा, मोबाइलला रेंज नाही, अशा वेळी पावती कशी द्यायची, हे कच्चं ॲप हातात पडेपर्यंत एजंटलाही सांगता येणार नाही.

पहिल्या कंपनीच्या, म्हणजे आधी सगळं ठरवून एकेक पायरी खाली उतरत जाण्याच्या पद्धतीचं मूळ म्हणून अमेरिकी सॉफ्टवेअरतज्ज्ञ विन्स्टन रॉईस यांच्या १९७० च्या लेखातली आकृती दाखवतात. गंमत अशी की, त्याच लेखात त्यांनी असं सरळ खाली उतरत जाणं धोक्याचं म्हटलंय. उलट २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात जमलेल्या १७ जणांच्या अजाईल जाहीरनाम्याने आराखड्याला किंमत नाही असं कुठे म्हटलेलं नाही. सेल्सवाले दोन्हीकडचं अर्धंच सांगतात.

दुसऱ्या कंपनीकडून खर्चाची कमाल मर्यादा लिहून घ्या. पैसे वापरून पाहिलेल्या कामाचेच द्या. मध्येच थांबलात तरी सोर्स कोड (प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ प्रोग्रॅम) आणि डेटा तुमचाच, हेही करारात हवं. आणि ‘मार्चअखेरीला चालू करून देतो’ असं दोघांपैकी कोणीही म्हणालं, तर चहा पाजून वाटेला लावा.