शाळेबाहेर शिकलेल्याची पावती

प्रश्न : आमच्या वाचनालयात मुले सुटीत जुने संगणक दुरुस्त करायला शिकतात. त्यांना डिजिटल बॅज, म्हणजे कौशल्य दाखवणारे ऑनलाइन चिन्ह, दिला, तर त्याला कोणी विचारील का?

उत्तर : विचारील, पण त्या बॅजमध्ये काय नोंदवले आहे, ते पाहून. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने २०११ साली पुढे आणलेल्या ‘ओपन बॅजेस’ पद्धतीत चित्रातच माहिती गुंफलेली असते : बॅज कोणी दिला, केव्हा दिला, कोणत्या निकषावर दिला आणि जोडला असल्यास कामाचा पुरावा. म्हणून ‘संगणक प्रशिक्षण’ असे मोघम नाव देऊ नका. ‘बंद संगणकातील बिघडलेली रॅम (तात्पुरत्या स्मृतीची पट्टी) ओळखून बदलली आणि तो पुन्हा सुरू केला’ असा निकष लिहा व सोबत उघडलेल्या कॅबिनेटचे, मुलांचे चेहरे टाळून काढलेले छायाचित्र जोडा. निव्वळ हजेरीसाठी बॅज वाटू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन, कारण त्याने खरोखर हाताने दुरुस्ती केलेल्या मुलाच्या बॅजचीही किंमत जाते. हा बॅज सरकारी प्रमाणपत्राची जागा घेत नाही. अनुभवातून आलेल्या कौशल्याला तसे प्रमाणपत्र हवे असलेल्या प्रौढांसाठी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ‘रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग’ (आधी शिकलेल्याला मान्यता) हा वेगळा मार्ग आहे.