काजूच्या टरफलांतून कार्बनचे पैसे मिळतात का?

प्रश्न : ताई, वेंगुर्ल्याला आमचा छोटा काजू कारखाना आहे. परवा एकजण सांगून गेला की टरफलांचा बायोचार करा, परदेशी कंपन्या कार्बन क्रेडिटचे पैसे देतात, गावातल्या पोरांना कामं पण मिळतील. खरं आहे का हे?

उत्तर : दादा, खरं आहे, पण सुरुवात टरफलांपासून करू नका. फांद्या-पाचोळा जाळला की त्यातला कार्बन परत हवेत जातो, तोच माल भट्टीत कमी हवेवर भाजला की कोळसा उरतो, तोच बायोचार, आणि तो मातीत शेकडो वर्षं टिकतो, पैसे त्या टिकण्याचे. साधारण चार टन सुक्या मालाचा एक टन बायोचार पडतो आणि त्याचे दोन-अडीच क्रेडिट, एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. गिऱ्हाईक आहे, जानेवारी २०२५ मध्ये गुगलने वराह या भारतीय कंपनीशी १ लाख टनांच्या क्रेडिटचा करार केला, तिकडे गुजरातेत वेडी बाभूळ वापरतात.

आता तुमची टरफलं. ती बॉयलरला जातात नाहीतर तेलवाला नेतो, बरोबर ना? मग ती भट्टीत घातलीत की बॉयलरला लाकूड लागणार, ते डोंगरावरनं तुटून येणार, म्हणजे हवेतनं आपण काढलं काय? शिवाय टरफलातल्या तेलाने हाताची सालं निघतात हे तुम्हाला मी काय सांगू.

ज्याला आज कोणी विचारत नाही तो माल घ्या. कलमांच्या छाटणीच्या फांद्या, बागेत कुजत पडलेली नारळाची सोडणं. माझ्या माहेरी भाजावळीला, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, अजून कवळ (झाडाच्या कोवळ्या फांद्या) तोडून पेटवतात, वाडीभर धूर आणि शेवटी उरते राख, ते बघून मला खरंच वाईट वाटतं. हाच माल गोळा करणं, सुकवणं, वजन करणं, भट्टी लावणं, टेम्पो, मोबाईलवर नोंदी, ही सगळी कामं गावातच करावी लागतात आणि भात झोडून झाल्यावर करता येतात, नेमकी तेव्हाच पोरं मुंबईची गाडी धरतात.

क्रेडिटपेक्षा मला तर मातीचा फायदा मोठा वाटतो. आपली जांभ्याची जमीन आम्लधर्मी, खत टाकलं की पावसात वाहून जातं, तिथे बायोचार धरून ठेवतो, फक्त आधी शेणखतात मुरवा, कोरा टाकलात तर सुरुवातीला नत्र तोच ओढतो.

सही करण्याआधी क्रेडिटच्या रकमेतले किती टक्के तुमचे आणि तपासणीचा खर्च कोणाचा हे लेखी घ्या. आणि हा कोळसा चुलीत गेला तर क्रेडिट गेलं, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.