कँडी क्ले: तेल सुटलंय, हात गरम आहेत आणि केक उद्याच हवाय

कँडी क्ले म्हणजे केकवरची फुलं-बाहुल्या घडवायचा चॉकलेटचा मऊ गोळा. त्याबद्दल तेच ते प्रश्न शब्द बदलून बदलून येत राहतात म्हणून या वेळी सगळे एकत्र घेतलेत. आपला प्रश्न इथे दिसला तर प्लीज परत पाठवू नका.

प्रश्न: कँडी क्ले आणि मॉडेलिंग चॉकलेट यात फरक काय?

काही नाही. चॉकलेट किंवा कँडी मेल्ट्स (वितळवून वापरायच्या चॉकलेटसारख्या रंगीत चकत्या) आणि कॉर्न सिरप (मक्यापासून केलेलं दाट गोड सिरप), झालं. बाकी पाकिटावरचं नाव.

प्रश्न: प्रमाण किती? एका व्हिडिओत पाव कप सिरप सांगतात, दुसऱ्यात एक कप.

कप ठेवा बाजूला आणि वजन करा. 400 ग्रॅम व्हाइट चॉकलेट किंवा कँडी मेल्ट्सला साधारण 100 ग्रॅम सिरप. डार्कला जास्त लागतं, 150 च्या पुढेच, कारण त्यातला कोको ओलावा शोषून घेतो आणि गोळा भेगाळतो. ब्रँडप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं, त्यामुळे आधी छोटा गोळा करून बघा.

प्रश्न: ढवळता ढवळता तेल सुटलं. टाकून दिलं. काय चुकलं?

टाकून दिलं हेच चुकलं! मीही पहिला घाणा डस्टबिनमध्ये घातला होता आणि तो चांगला होता हे नंतर कळलं. तेल सुटतं ते चॉकलेट जास्त तापल्यामुळे नाहीतर जास्त ढवळल्यामुळे. मायक्रोवेव्ह निम्म्या पॉवरवर, 30-30 सेकंद, मध्ये हलवायचं. व्हाइट चॉकलेट 45 डिग्रीच्या वर नेऊ नका. सिरप कोमट, कारण थंड सिरप पडलं की गाठी होतात. मग स्पॅच्युलाने हळू घड्या घाला आणि नीट बघत राहा: आधी चकाकतं, आठ-दहा घड्यांत चमक जाते, बाउलच्या कडा सोडतं आणि सगळं एका गोळ्यात येतं. तिथे थांबायचं. लोक तिथेच थांबत नाहीत, "अजून एकजीव करूया" म्हणतात आणि तेल बाहेर. तरी सुटलंच तर गोळा प्लास्टिक फिल्ममध्ये घट्ट गुंडाळून रात्रभर बाहेरच ठेवा, सकाळी तेल थिजलेलं असेल, थोडं थोडं तोडून मळलं की परत आत जातं.

प्रश्न: उद्या संध्याकाळी पार्टी आहे, क्ले उद्या दुपारी केली तर चालेल का?

नाही. आज रात्री करा. हे मी दर वेळी सांगते आणि दर वेळी हा मेसेज आदल्या दिवशीच येतो.

प्रश्न: माझे हात गरम आहेत, फुलं करताना क्ले वितळते. फ्रिजमध्ये ठेवू का?

पाच मिनिटं, बस. कोको बटर 34 डिग्रीच्या आसपास वितळतं, म्हणजे जवळपास आपल्या हाताच्याच उष्णतेला, त्यामुळे यात तुमचा दोष काही नाही. छोटे छोटे तुकडे घ्या, मध्ये मध्ये हात थंड पाण्याने धुवा आणि अगदी कोरडे करा. जास्त वेळ फ्रिजमध्ये ठेवलेलं गुलाब बाहेर आलं की पाकळ्यांवर दव धरतं आणि चिकट होतं. चिकटलं म्हणून कॉर्नफ्लोर ओतू नका, पांढरे डाग राहतात.

प्रश्न: कॉर्न सिरपऐवजी साखरेचा पाक किंवा मध?

पाक नको, पाणी जास्त असतं आणि साखर परत दाणेदार होते. मधाने क्ले होते, पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नसतो, बॉट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा धोका असतो. केक पहिल्या वाढदिवसाचा असला की पाहुण्यांत तान्ही बाळं असतातच. शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारा, मला नको.

प्रश्न: फुलांवर सोनेरी चमक मारायची आहे. डबीवर "नॉन-टॉक्सिक" लिहिलंय, दुकानदार म्हणाला सगळे वापरतात.

सगळे वापरतात म्हणूनच तर मला झोप येत नाही. नॉन-टॉक्सिक म्हणजे खाण्याचं नव्हे! मुलांच्या खडूवरही नॉन-टॉक्सिक लिहिलेलं असतं, खडू केकवर किसून घालणार का? डबीवर "एडिबल" किंवा खाण्यायोग्य असं स्पष्ट हवं आणि घटकांची यादी हवी. "फक्त सजावटीसाठी" लिहिलं असेल तर ती पावडर पोटात जायची नाही, आणि पाकळीवर ब्रशने मारलेली पावडर काढून कोण खातं सांगा. 2018 मध्ये अमेरिकेत ऱ्होड आयलंडला रोझ गोल्ड पावडरचा जाड थर दिलेला वाढदिवसाचा केक खाऊन 6 मुलांना उलट्या-जुलाब झाले, तपासलं तर त्या थरात मुख्यतः तांबं निघालं. अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं अन्न-औषध प्रशासन) त्याच वर्षी अशा ग्लिटर आणि डस्टबद्दल लोकांना सावध केलं होतं. तरी विकणारे दोन्ही डब्या एकाच फळीवर शेजारी शेजारी मांडतात आणि लेबलवरची अक्षरं भिंगाने वाचायची वेळ आणतात. यादी नसेल तर घेऊ नका, उत्पादकाला लिहून विचारा, उत्तर नाही आलं तर तेच उत्तर समजा. आणि कुणी असं काही खाऊन उलट्या करत असेल तर मला फोटो पाठवत बसू नका, डबी घेऊन सरळ डॉक्टरकडे जा.

प्रश्न: रंग कोणता घालू?

मळताना जेल. वितळलेल्या चॉकलेटमध्ये घालायचा तर तेलातला, पाण्याचा थेंबही नको.

प्रश्न: बाहुलीची मान पडते. आत टूथपिक घालू का?

लहान मुलं खाणार असतील तर नको, कच्च्या स्पॅगेटीची काडी घाला. मोठी, उभी मूर्ती असेल तर एखाद्या अनुभवी डेकोरेटरला आधी दाखवा. आणि आत काय आहे ते केक कापणाऱ्याला सांगून ठेवा.

प्रश्न: दुधाची ॲलर्जी आहे, डार्क चॉकलेटची क्ले चालेल ना?

गृहीत धरू नका. डार्कमध्येही दुधाचा अंश असू शकतो. पाकीट न फाडता डॉक्टरांना दाखवा, मग वितळवा.