तुरुंगात राहून पुरुष समलैंगिक होतात का?

तुम्ही विचारलंय की वर्षानुवर्षं फक्त पुरुषांत राहिलेला कैदी समलैंगिक होऊन बाहेर येतो का. नाही. मी विधी साहाय्याचा वकील आहे, कच्च्या कैद्यांचे जामीनअर्ज करतो. माणूस जो कल घेऊन आत जातो तोच घेऊन बाहेर येतो. मायेचा स्पर्श नाही म्हणून काही जण आत एकमेकांजवळ जातात आणि सुटल्यावर संसाराला लागतात. काही मुळातच समलैंगिक असतात. काहींचं खरंच प्रेम जडतं. माझा एक अशील सुटल्यापासून आतल्या एकाला दर महिन्याला मनीऑर्डर करतो. मुलाकातीच्या अर्जात नातं काय, तर 'मित्र' लिहितो.

पण मला झोप लागू देत नाही ती दुसरी गोष्ट. एकोणीस वर्षांचा पोरगा, मोबाइलचोरीचा आरोप. भर मे महिन्यात अंगात एकावर एक दोन पँटी. पट्टा आत नेता येत नाही, म्हणून चादरीच्या चिंधीने कंबर बांधलेली, चार गाठी मारून. म्हणाला, "सोडायला वेळ लागतो ना, तेवढ्यात जाग येते." तक्रार लिहू का विचारलं, तर, "रात्री त्याच बरॅकीत मलाच झोपायचंय, साहेब."

याला कल म्हणत नाहीत, बळजबरी म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला सज्ञानांमधले संमतीचे संबंध भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून, म्हणजे 'अनैसर्गिक' संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलमातून, वगळले. ते योग्यच झालं. बळजबरी मात्र गुन्हाच राहिली होती. १ जुलै २०२४ ला दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि ते कलम पूर्ण गेलं. बलात्काराच्या व्याख्येत पीडित फक्त स्त्री. त्या पोरासाठी माझ्या हाती उरतात मारहाणीची, डांबून ठेवल्याची कलमं. मला याचा संताप येतो.

आणि डोळेझाक जुनीच आहे. १९९४ मध्ये तिहारमध्ये कंडोम वाटू द्यायला प्रशासनाने नकार दिला, तेव्हा एड्स भेदभाव विरोधी आंदोलन ही संघटना कलम ३७७ विरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली होती.

तुमचं कुणी आत असेल तर मुलाकातीत त्याला "तब्येत कशी आहे" एवढंच विचारून उठू नका. रात्री कुणाशेजारी झोपतोस, हे विचारा. काही घडलं असेल तर वकिलाला लगेच सांगा; तारखेला थेट न्यायाधीशांकडे वैद्यकीय तपासणी आणि बरॅक बदलून मागता येते. त्या पोराची आम्ही तशीच बदलून घेतली.