होडीचं इंजिन विकू नका

(मालवणजवळच्या एका मच्छीमार वडिलांचं पत्र आहे. मुलीने डॉक्टरकीच्या प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा थोडक्यात हुकली. तिसऱ्या वेळी लातूरला क्लास लावायचा म्हणून ते होडीचं इंजिन विकायला निघालेत. मुलगी म्हणते, मला प्रवाळ वाचवायचंय. ‘तिला समजवा,’ असं ते लिहितात.)

नमस्कार दादा,

‘आमचा जन्म पाण्यात गेला, तिचा तरी जाऊ नये,’ हे तुमचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यामागची माया कळते. पण इंजिनाचं तिच्या कानावर गेलंय, असंही तुम्हीच लिहिता. आता पेपर सोडवताना तिच्या डोळ्यांपुढे किनाऱ्यावर पडून राहिलेली होडी येणार. पोरीवर एवढं ओझं टाकू नका. तिसरा प्रयत्न नकोच. मार्कांचा प्रश्न नाही. तिला डॉक्टर व्हायचं नाही आणि ते तिने तुम्हाला तोंडावर सांगितलंय.

‘प्रवाळाच्या फांद्या तोडून सिमेंटवर बांधायच्या, हे माळीकाम झालं,’ असं तुम्ही म्हणता. तसं नाही. प्रवाळ हा प्राणी आहे, तिच्या नीटच्या पुस्तकातल्या सीलेंटराटा संघातलाच. टाचणीच्या डोक्याएवढी तोंडं, भोवती मऊ शुंडकं आणि अंगात सूक्ष्म शैवाल. बहुतेक अन्न आणि रंग त्या शैवालामुळेच. उन्हाळ्यात पाणी नेहमीपेक्षा अंशभर जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, की शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं होतं. लगेच मरत नाही. पाणी वेळेत निवलं तर सावरतं. विनापरवाना फांदी तोडणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पुनर्रोपण केलं, तरी वरून होड्यांचे नांगर पडत राहिले, गाळ बसत राहिला, तर लावलेलं सगळं जातं. म्हणून पाण्याचं तापमान मोजणं, तेच खडक वर्षानुवर्षं तपासणं, मच्छीमार आणि पर्यटकांच्या होडीवाल्यांशी बोलणं, हेच यातलं मोठं काम. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. त्याला मच्छीमारांचा किती विरोध झाला, ते तुम्हाला मी काय सांगणार! अभयारण्याबद्दलच्या बैठकीत मच्छीमाराच्या मुलीचं ऐकतील तसं बाहेरच्या शास्त्रज्ञाचं ऐकणार नाहीत.

वाट सरळ आहे: रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्यशास्त्राची पदवी, किंवा प्राणिशास्त्रात बी.एस्सी. करून पुढे गोवा वा कोची. कायम नोकऱ्या थोड्या, सुरुवातीला प्रकल्पावरचं कंत्राटी काम. हे तिलाही स्पष्ट सांगा. नुसत्या स्कूबाच्या हौसेवर हे निभत नाही.

पण ती नीटच्या वहीच्या मागच्या पानांवर तारीख घालून किल्ल्याजवळच्या खडकांचे रंग टिपते, असं तुम्ही रागाने लिहिलंय. दादा, ती वही एकदा उघडून बघा. नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात उतरल्या, की तिला बरोबर न्या आणि तुमच्या लहानपणी कुठल्या खडकावर काय मिळायचं, ते तिला सांगा. ती लिहून घेईल.