फ्रान्सच्या गावाशी सोयरीक: वाचकांची प्रश्नोत्तरे

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या एका लहान गावाशी आमच्या मंडळाची जी ये-जा चालते तिच्याविषयी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतले सहा प्रश्न इथं घेतलेत. नावं गाळली आहेत, गावं ठेवली आहेत.

प्रश्न (निपाणी): आमच्या पालिकेतले दोन नगरसेवक उत्साही आहेत. फ्रान्समधल्या शहराशी 'सिस्टर सिटी' करार करायचा तर ठराव आधी की गाव आधी? आणि गाव शोधायचं कुठं?

गाव आधी. ठराव सगळ्यात शेवटी, आणि नाही झाला तरी काही अडत नाही. पालिकेनं परदेशी शहराशी करार करायचा म्हटलं की कागद बेंगळूरला जातो आणि तिथून दिल्लीला, परराष्ट्र मंत्रालयाकडं. मुंबई आणि जर्मनीतल्या श्टुटगार्टचं असं नातं १९६८ पासून आहे. मुंबईला ते पेलतं. लहान गावानं सुरुवातच तिथून केली तर पहिलं वर्ष नुसतं 'फाइल कुठवर आली' विचारण्यात जातं.

फ्रेंचमध्ये याला 'झ्युमलाज' म्हणतात, म्हणजे जुळं करणं. करारावर सही मेअरची असते, पण राबतं ते 'कोमिते द झ्युमलाज'. तिकडच्या १९०१ च्या संस्था कायद्याखाली नोंदलेलं हे हौशी लोकांचं मंडळ. आपल्या गणेशोत्सव मंडळात जशी चार माणसं पळतात आणि चाळीस फोटोत येतात, तसंच तिथंही. तुमच्याकडंही असंच एक मंडळ हवं. कर्नाटकाच्या १९६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली ते नोंदवा. दोन्ही नगरसेवकांना त्यात घ्या, पण अध्यक्ष करू नका.

गाव निवडताना लोकसंख्या जुळवत बसू नका. फ्रान्समध्ये सुमारे ३५,००० कम्यून, म्हणजे आपल्या ग्रामपंचायत-नगरपालिकेसारख्या संस्था, आहेत, शे-दोनशे वस्तीच्या खेड्यालाही स्वतःचा मेअर असतो. निपाणीएवढी वस्ती म्हणजे तिकडं मोठं शहर झालं. जुळवायचा तो धंदा. उदाहरण देतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून: महाराष्ट्राचे चार (कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर) आणि कर्नाटकाचे चार (बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर). आता फ्रान्सच्या द्रोम जिल्ह्यातलं रोमां-स्युर-इझेर बघा. गावाचं नाव झालं ते चामडं कमावण्यावर आणि उंची बुटांवर. बरेच कारखाने पुढं बंद पडले, पण एका जुन्या मठात पादत्राणांचं आंतरराष्ट्रीय संग्रहालय आहे. अशा गावाला पत्र लिहिताना 'आमचं शहर ऐतिहासिक असून' असली सुरुवात नको. अथणीचा चपलांचा कारागीर खिळा न मारता चामड्याच्याच वादीनं तळ कसा शिवतो ते दहा ओळींत लिहा, हातांचे दोन फोटो जोडा. पत्र फ्रेंचमध्येच हवं. मोडकं चालेल.

प्रश्न (खानापूर, शिक्षिका): आठवीच्या वर्गाला फ्रेंच मुलांशी जोडून द्यायचं आहे. इथं फ्रेंच कुणालाच येत नाही. व्हिडिओ कॉल बरा की पत्र?

पत्र. कॉलवर दोन्हीकडची तीस-तीस मुलं हात हलवतात, 'हॅलो हॅलो' होतं, आणि आवाज अडकला की शिक्षकांनाच घाम फुटतो. भाषेची काळजी सोडा. तिकडच्या मुलांनाही शाळेत इंग्रजी असतं आणि ते आपल्या मुलांइतकंच कच्चं असतं. तेच बरं.

वेळ मात्र सांभाळा. उन्हाळ्यात फ्रान्स आपल्यामागं साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे थंडीत आपला दीड. बुधवारी दुपारनंतर त्यांची शाळा बहुधा नसते. जुलै-ऑगस्ट त्यांची सुट्टी, एप्रिल-मे आपली. शिवाय त्यांना दर सहा-सात आठवड्यांनी दोन आठवडे सुट्टी, आणि आपला दसरा. उरतात ते नोव्हेंबरचा मध्य ते डिसेंबरचा मध्य आणि पुढं जानेवारी. वर्षाला दोन पत्रं धरा, तिसरं आलं तर बोनस.

आणखी एक. त्यांचं हस्ताक्षर मुलांना आधी दाखवा. फ्रेंच एक आपल्याला सात वाटतो, म्हणून ते साताच्या कमरेला आडवी रेघ देतात. आमच्या एका मुलीनं अकरा वर्षांच्या मुलाला ७७ व्या वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या होत्या. त्यानं उत्तरात काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्याचं चित्र काढून पाठवलं. त्या दोघांचं अजून चालू आहे.

प्रश्न (वडगाव, बेळगाव): आमच्याकडं दोन फ्रेंच पाहुण्या आठ दिवस राहणार आहेत. सासूबाईंना जेवणाची काळजी, मला बाथरूमची, आणि यांना पोलिसांची. काय काय बघावं?

यांची काळजी आधी मिटवू. परदेशी माणूस घरी उतरला की २४ तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करायची असते, सगळे ज्याला 'सी-फॉर्म' म्हणतात ती. ती हॉटेलालाही आहे आणि घरालाही. पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो आधीच मागवून ठेवा, जवळच्या पोलीस ठाण्यात आगाऊ सांगून या. पाहुणे आल्यावर धावाधाव करणारी घरं मी पाहिली आहेत, उगाच तोंडचं पाणी पळतं.

बाथरूमसाठी टॉयलेट पेपरचे दोन रोल, झाकणाची कचरापेटी आणि दाराला नीट लागणारी कडी. एवढं पुरे.

जेवणात खरी अडचण तिखटापेक्षा सकाळची आहे. त्यांची न्याहारी गोड: पाव, लोणी, जॅम आणि वाडगाभर कॉफी. सकाळी सातला पोह्यांवरची हिरवी मिरची बघून त्या कसनुशा हसतील. पहिले दोन दिवस पाव-लोणी द्या, तिसऱ्या दिवशी त्याच पोहे मागतील. पाणी उकळलेलं किंवा बाटलीचं. रात्री मात्र सगळं एकदम ताटात वाढू नका. त्यांना एकामागून एक खायची सवय, कोशिंबिरीनं सुरू करा. आणि आग्रह एकदाच. पानातलं टाकणं त्यांच्याकडंही वाईट समजतात, त्यामुळं बिचाऱ्या संपवत बसतात आणि आपण वाढत बसतो.

सासूबाईंना मांडे येत असतील तर मात्र मागंपुढं बघू नका. आमच्याकडं आलेल्या ब्रेटन (म्हणजे ब्रिटनीच्या) बाई चुलीसमोर पाट घेऊन बसल्या होत्या. पुरण भरलेला उंडा हातावर फिरत फिरत रुमालासारखा पसरला आणि पालथ्या खापरावर गेला, तेव्हा त्या उठूनच उभ्या राहिल्या. त्यांच्याकडं क्रेप (पातळ धिरडी) करतात त्या गोल तव्याला 'बिलिग' म्हणतात. तो सपाट, आपलं खापर फुगीर. दुसऱ्या मांड्याला त्यांनी हात लावून पाहिला आणि तो फाटला. मांडे करणाऱ्या काकू म्हणाल्या, "असू दे वो, पहिला कुणाचाबी फाटतो." ते भाषांतर करून सांगायची गरज पडली नाही.

प्रश्न (चिकोडी): तिकडच्या कमिटीला आमच्या शाळेत पाण्याच्या फिल्टरसाठी २ लाख रुपये द्यायचे आहेत. मंडळाच्या खात्यावर घेतले तर चालतील?

नाही. मंडळाच्या खात्यावर नाही, अध्यक्षांच्या खात्यावर तर नाहीच. परदेशी देणगीला २०१० चा एफसीआरए कायदा लागतो. संस्थेची केंद्रीय गृहमंत्रालयाकडं नोंदणी हवी, आणि ती मागायला संस्था किमान ३ वर्षं जुनी असून त्या काळात कामावर १५ लाख रुपये खर्च झालेले असावे लागतात. नवी संस्था असेल तर एका ठराविक देणगीदाराकडून ठराविक कामासाठी पूर्वपरवानगी मागता येते. दोन्ही वाटांनी पैसा आधी येणार तो स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच. २०२० पासून तसा नियम आहे. नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेनं पैसे घेऊन तुम्हाला द्यायचे, ही पळवाटही तेव्हाच बंद झाली.

'पाहुणा इथं येऊन रोख रुपये देईल' हा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. देणारा परदेशी असला की रुपयांत दिलेली देणगीसुद्धा परदेशीच धरतात. म्हणून आमच्या मंडळानं पहिल्याच वर्षी ठरवलं की देणगी घ्यायची नाही. पाहुण्यांचा इथला खर्च आपला, आपल्यांचा तिथला खर्च त्यांचा. मागं एकदा अशाच फिल्टरच्या पैशांवरून तिकडच्या खजिनदारांना हे पटवायला मला चार पत्रं लिहावी लागली. गरीब शाळेनं पैसे नाकारावेत हे त्यांना कळेना. फिल्टर शेवटी माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून बसवला.

प्रश्न (बेळगाव): १९५६ पासूनचा आमचा सीमाप्रश्न सुटत नाही आणि तुम्ही सातासमुद्रापार सोयरीक कसली जुळवता? करार तरी कुठल्या भाषेत असणार?

राग समजतो. पण झ्युमलाजही सीमाभागात रुजलेलं आहे. फ्रान्स-जर्मनीतली पहिली जोडी १९५० मधली, मोंबेलियार आणि लुडविग्सबुर्ग. मोंबेलियार आज फ्रान्समध्ये असलं तरी १७९३ पर्यंत जवळपास चारशे वर्षं ते जर्मन व्युर्टेंबर्ग घराण्याकडं होतं, आणि लुडविग्सबुर्ग हे त्याच घराण्याचं राहतं गाव. पुढाकार घेणारे मेअर ल्युसियां थारादां नाझींच्या बुखेनवाल्ड छळछावणीतून परतलेले होते. युद्ध संपून पाच वर्षं झाली होती. फ्रान्स आणि जर्मनी या दोन देशांचा मैत्रीचा एलिझे करार व्हायला १९६३ उजाडलं.

भाषेचं म्हणाल तर पालिकेचा कागद कन्नडच असणार, मंडळाचा कागद मंडळानं ठरवावा. दुकानं-संस्थांच्या फलकांवर २०२४ च्या दुरुस्तीनं ६० टक्के कन्नड सक्तीचं आहे, तेही ध्यानात ठेवा. स्वागताच्या कापडी फलकावर मात्र आम्ही पहिल्यांदा फ्रेंच आणि मराठीच लिहिलं होतं. चूक माझी. आमच्या ढोल पथकात दोन कन्नड मुलं होती, त्यातला एक ढोल खाली ठेवून बाजूला जाऊन बसला. मघाच्या ब्रेटन बाईंनी विचारलं, काय झालं? सांगितल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, आमचे वडील शाळेत ब्रेटन, म्हणजे आमची ब्रिटनीची भाषा, बोलले की मास्तर त्यांच्या गळ्यात लाकडी खडावा अडकवायचे आणि दुसरा कुणी ब्रेटन बोलताना सापडेपर्यंत तो तसाच. रात्री त्यांनीच कुंचला घेतला. सकाळी फलकावर चार ओळी होत्या: मराठी, कन्नड, फ्रेंच आणि ब्रेटनमधलं 'देगेमेर मात'. कन्नड ओळ त्या ढोलवाल्याकडून लिहून घेतली होती, थोडी वाकडी.

यानं आपला प्रश्न सुटला असं मी म्हणत नाही. तो न्यायालयात आहे.

प्रश्न (खानापूर): उन्हाळ्यात सहा जण जाणार आहोत, राहायचं त्यांच्या घरीच. व्हिसाला काय लागेल? आणि तिकडचा मेअर बदलल्यापासून उत्तरंच येत नाहीत, ते कसं?

ज्यांच्या घरी राहणार त्यांनी आपल्या मेरीतून, म्हणजे तिकडच्या पालिकेतून, 'आतेस्तास्यों दाक्य' हा यजमानाचा दाखला काढायचा. त्याला ३० युरोचा स्टॅम्प लागतो. मूळ प्रत कुरिअरनं मागवा. विमा किमान ३०,००० युरोचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तो लवकर टाका. एक गोष्ट फक्त आपल्याच वाट्याची: पासपोर्टवर जन्मगाव 'बेळगाम', आधारवर 'बेळगावी'. २०१४ मध्ये नाव बदललं एवढं सांगणारं एका परिच्छेदाचं पत्र अर्जाला जोडा.

मेअरचं म्हणाल तर तिकडं दर ६ वर्षांनी पालिका निवडणूक होते: २०१४, २०२०, २०२६. बेळगावला वर्षाला एक महापौर होतो, त्या मानानं त्यांच्याकडं फारच संथ. नव्या मेअरला तुमचं नावही ठाऊक नसेल, त्यामुळं पत्र त्याला नको. मागच्या खेपेला ज्या बाईंनी तुम्हाला मुरंब्याची बाटली बांधून दिली त्यांना लिहा, त्या मेरीत जाऊन टेबलावर हात आपटतील. फक्त ऑगस्टमध्ये लिहू नका. तेव्हा गावात कुणी नसतं.