जोसेफ व्हॅनवर लिहिताना

प्रिय,

सप्रेम आशीर्वाद. जोसेफ व्हॅन या चेरोकी (अमेरिकेतील एका मूलनिवासी जमातीच्या) व्यापाऱ्यावरील तुझ्या प्रबंधाचे प्रकरण मी दोनदा वाचले. त्याचे वडील जेम्स व्हॅन यांनी १८०४ मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील स्प्रिंग प्लेस येथे बांधलेल्या विटांच्या दुमजली घराचे वर्णन उत्तम उतरले आहे. मात्र ते घर कोणत्या निमित्ताने गेले, हे तू एका ओळीत उरकले आहेस, आणि खरे तर तिथेच तू थांबायला हवे. गोऱ्या माणसाने परवान्यावाचून चेरोकींकडे काम करू नये, असा कायदा जॉर्जियाने केला होता. व्हॅनने एका गोऱ्याला मुकादम म्हणून ठेवल्याचे निमित्त झाले आणि १८३५ मध्ये घर व मळे त्याच्या हातून गेले. चेरोकींच्या हद्दीत जॉर्जियाचे कायदे लागू होत नाहीत, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८३२ मध्येच सांगितले होते, आणि त्याच वर्षी जॉर्जिया त्यांच्या जमिनी सोडत काढून वाटत होते. हे दोन्ही एकाच परिच्छेदात ठेव, म्हणजे पैसा, शिक्षण आणि निकाल हाताशी असूनही माणूस बेघर कसा होतो, ते वाचकाला दिसेल.

आता माझा मुख्य आक्षेप. व्हॅनवरील अन्यायाने तू कळवळतोस, हे मला मनापासून आवडते. पण त्याचे मळे कसणारी शंभरावर माणसे त्याच्या मालकीची गुलाम होती आणि तुझ्या मसुद्यात ती केवळ मालमत्तेच्या यादीत येतात. व्हॅन पश्चिमेकडे स्थलांतरित झाल्यानंतर, १५ नोव्हेंबर १८४२ रोजी, आजच्या ओक्लाहोमातील वेबर्स फॉल्स येथे त्यांच्यापैकी काहींनी मुकादमांना कोंडले, घोडे आणि शस्त्रे घेतली व मेक्सिकोची वाट धरली. चेरोकी सैनिकांनी पाठलाग करून बहुतेकांना परत आणले. चेरोकींना त्यांच्या भूमीतून पश्चिमेकडे हाकलले, त्या १८३८-३९ च्या सक्तीच्या प्रवासात हजारो चेरोकी दगावले, हे लिहिताना त्याच वाटेने चाललेल्या गुलामांनाही तितकीच जागा दे. एकाचे दुःख मांडल्याने दुसऱ्याचे उणे होत नाही.

शेवटचे प्रकरणही बदल. ऑक्टोबर १८४४ मध्ये ओहायो नदीवर ‘लूसी वॉकर’ या आगबोटीचे बॉयलर फुटले आणि व्हॅन मरण पावला, तिथे तू लेखणी ठेवली आहेस. त्या बोटीवर राबणाऱ्यांत त्याचे गुलामही होते. त्यांची नावे शोधायला लाग. जी सापडतील ती पुढच्या मसुद्यात मला दिसू देत.

तुझा शुभचिंतक